शिष्यवृत्तीचे ऋण

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्ती प्रदान समारंभात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. गेली अनेक वर्षे ते एका शिष्यवृत्ती निधीच्या निवड समितीचे काम पाहत आहेत.)



सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. निवड समितीच्या मुलाखती चालू होत्या. नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आमच्यासमोर बसली होती. वडील सूतगिरणीत कामाला होते आणि ती गिरणी बंद पडली होती. मुलीला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे होते. घरच्यांचे म्हणणे होते की डी.एड. करावे, म्हणजे दोन वर्षांत हाताला काम मिळेल. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले. तिने त्यांची नीट उत्तरे दिली. शेवटी, "तुला आम्हांला काही विचारायचे आहे का?" असे मी म्हणालो, तेव्हा क्षणभर थांबून ती म्हणाली, "सर, ही रक्कम परत कधी करायची असते?"

मी तत्परतेने उत्तर दिले, "नाही बाळ, ही परत करायची नसते."

हे ऐकून तिला हायसे वाटेल, अशी माझी कल्पना होती. पण तिचा चेहरा थोडा उतरला. त्या वेळी मला त्याचा उलगडा झाला नाही. पुढे विचार करता लक्षात आले की ज्या घरात कुणाचे उसने ठेवायचे नाही हा संस्कार आहे, त्या घरातल्या मुलीला परत न करण्याजोगी रक्कम म्हणजे भिक्षा वाटली. मी दिलेले उत्तर नियमाला धरून होते, पण ते अपुरे होते. त्या अपुऱ्या उत्तराचा उरलेला भाग आज तुमच्यापुढे मांडावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

'वृत्ती' या शब्दाचा अर्थ

शिष्यवृत्ती हा शब्द आपण नित्य वापरतो, पण त्याची फोड क्वचितच करतो. वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. शिकत असलेल्या माणसाच्या निर्वाहाची तजवीज म्हणजे शिष्यवृत्ती. जो शिकतो आहे त्याने पोटाच्या चिंतेत आपली उमेदीची वर्षे घालवू नयेत, ती चिंता इतरांनी वाटून घ्यावी, असा त्या शब्दाचा आशय आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही वाटणी अगदी घरगुती पद्धतीने होत असे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे ठरलेली असत. कुणी माधुकरी मागून शिकत. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेकांनी आपल्या वडिलांच्या तोंडून या वारांच्या आठवणी ऐकल्या असतील. त्यात एखाद्या माउलीने वाढलेल्या तुपाच्या धारेची आठवण असते, तशीच पंगतीच्या टोकाला बसवल्याची सलही असते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ती व्यवस्था सर्वांसाठी नव्हती. मुलींना तिच्यात स्थान नव्हते आणि समाजातील फार मोठ्या वर्गाला त्या घरांची दारे बंद होती. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला विद्वानांना दक्षिणा वाटली जाई, तीही ब्राह्मणांपुरतीच होती. पेशवाई संपल्यावर त्या दक्षिणा निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली आणि पुढे त्याच निधीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या फेलोशिपचे मानकरी होते. ज्या पैशातून एकेकाळी पंडितांचा सन्मान होत होता, त्यातूनच पुढे इतिहास, अर्थशास्त्र आणि भाषाशास्त्र यांचा अभ्यास करणारी नवी पिढी घडली.

याच परंपरेतले एक नाव गोपाळ गणेश आगरकरांचे. कराडजवळच्या टेंभूसारख्या खेड्यात १८५६ साली जन्मलेला हा मुलगा अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालून कॉलेजात जात असे, ही कथा आपण शाळेत ऐकली आहे. पण तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. डेक्कन कॉलेजात असे दिवस काढून एम.ए. झालेल्या आगरकरांना सरकारी नोकरीत सुखाचे आयुष्य सहज मिळाले असते. मुलगा आता मोठ्या पगारावर लागेल अशी आशा धरू नकोस, हे त्यांनी आपल्या आईला आधीच पत्राने कळवले होते. ते शिक्षक झाले, संपादक झाले, १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी गेले. त्यांची मते सर्वांना पटली असे नाही, आजही पटतील असे नाही. परंतु समाजाच्या आधाराने मिळालेली विद्या समाजाकडेच वळवली पाहिजे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

शिष्यवृत्ती नेमके काय देते?

आता थोडा हिशेब मांडू. बारावीत उत्तम गुण मिळवून पुढे जाणाऱ्या, मर्यादित उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती आहे, तिची रक्कम पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२ हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला एक हजार. शहरात एक वेळच्या खाणावळीचाही खर्च त्यात भागत नाही. मग एवढ्या रकमेने काय साधते, असे कुणी विचारील.

एक मुलगा संध्याकाळी चार तास दुकानात काम करतो, आठवड्याचे सहा दिवस. आठवड्याचे चोवीस तास झाले. कॉलेजच्या वर्षातले तीस आठवडे धरले तर सातशे वीस तास होतात. शिष्यवृत्तीमुळे त्यातले निम्मे तास जरी सुटले, तरी तीनशे साठ तास त्याच्या हाती येतात. त्या तासांत तो प्रयोगशाळेत थांबू शकतो, ग्रंथालयात बसू शकतो, तबल्याचा रियाज करू शकतो किंवा मैदानावर घाम गाळू शकतो. श्रीमंताच्या मुलाला हा वेळ जन्मतःच मिळालेला असतो. गरिबाच्या मुलाला तो कुणीतरी मिळवून द्यावा लागतो. शिष्यवृत्तीच्या पाकिटात वस्तुतः हा वेळ असतो. आणि वेळेबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य. आपल्याला काय शिकायचे आहे, हे ठरवण्याची मोकळीक.

याचे सर्वांत बोलके उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे आहे. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १९०४ साली त्यांनी प्रवेश घेतला तो शिष्यवृत्ती मिळवून. पण गणिताने त्यांना असे झपाटले होते की इतर विषयांकडे त्यांचे लक्षच लागेना. ते त्या विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या दुसऱ्या महाविद्यालयातही तेच घडले. पदवी नाही आणि नोकरीही नाही, अशी काही वर्षे गेली. वहीतली गणिते दाखवत ते लोकांची दारे ठोठावत राहिले. रामचंद्र राव नावाच्या एका गणितप्रेमी अधिकाऱ्याने काही काळ पदरचे पैसे देऊन त्यांना आधार दिला. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डींना पत्र लिहिले, हे सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने एक धाडसी निर्णय घेतला. ज्याच्याजवळ पदवी नाही, अशा या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मित्रहो, विद्यार्थी तोच होता, बुद्धीही तीच होती. १९०४ च्या शिष्यवृत्तीने सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याची अट घातली आणि तो माणूस गमावला. १९१३ च्या शिष्यवृत्तीने त्याचा ध्यास पाहिला आणि तो जगाला मिळाला. मधली नऊ वर्षे मात्र कुणालाही परत आणता आली नाहीत. अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, १९२० साली ज्याचे निधन झाले, त्याच्या आयुष्यातली नऊ वर्षे म्हणजे किती मोठा हिस्सा, याचा विचार करा.

या कथेचा शेवटही सांगण्याजोगा आहे. १९१९ च्या आरंभी, प्रकृती ढासळलेली असताना, रामानुजन यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिले. विद्यापीठ देऊ करत असलेले वर्षाचे २५० पौंड आपल्या गरजेपेक्षा फार जास्त आहेत. आईवडिलांना द्यायची रक्कम आणि आपला आवश्यक खर्च वजा जाता उरलेले पैसे गरीब व अनाथ मुलांची फी आणि शाळांतील पुस्तके यांसाठी वापरावेत, असे त्यात होते. शिष्यवृत्ती गेल्यामुळे शिक्षण थांबणे म्हणजे काय, हे त्यांनी भोगलेले होते.

आवड आणि उपजीविका

"आवडीचे शिकून पोट भरेल का?" हा प्रश्न येथे बसलेल्या पालकांच्या मनात असेल. तो रास्त आहे. सर्वांनी रामानुजन व्हावे, असे कुणी म्हणत नाही. या संदर्भात मला चिंतामणराव देशमुखांची आठवण होते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. मुंबईच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या नाना शंकरशेटांच्या नावाने चालत आलेल्या या शिष्यवृत्तीने महाराष्ट्रातील मुलांच्या कितीतरी पिढ्यांना संस्कृतची गोडी लावली.

पुढे चिंतामणराव केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, आयसीएस झाले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रीही झाले. उपजीविका संस्कृतवर झाली नाही. पण संस्कृत सुटलेही नाही. त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला, संस्कृतात काव्यरचना केली. सोळाव्या वर्षी मिळालेल्या एका शिष्यवृत्तीने ज्या आवडीवर शिक्कामोर्तब केले, तिने आयुष्यभर साथ दिली. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलांच्या आवडीला चैन समजू नका. ती उपजीविका होईल की विसाव्याची जागा होईल, हे काळ ठरवील. पण अठराव्या वर्षी ती खुडून टाकली तर दोन्ही शक्यता संपतात.

एका शिष्यवृत्तीतून हजारो

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वांत मोठे फळ देणारी शिष्यवृत्ती कोणती, असे मला कुणी विचारले तर मी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला दिलेल्या शिष्यवृत्तीचे नाव घेईन. केळुसकर गुरुजींच्या खटपटीने एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना भीमरावांना महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार होऊन तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे जे जे शिकावेसे वाटले, ते ते त्याने अधाशासारखे शिकून घेतले.

करारानुसार शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची सेवा करायची होती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास हजर झाले. तेथे काय घडले? परदेशातील विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही हुसकावून लावले. महाराजांनी विद्या दिली, पण समाजाने निवारा दिला नाही. आपण हिंदू समाजाच्या एकतेविषयी बोलतो, तेव्हा हे अकरा दिवस आपल्याला आठवले पाहिजेत. शिष्यवृत्तीचा धनादेश देऊन समाजाचे कर्तव्य संपत नाही, हा धडा त्यात आहे.

तरीही बाबासाहेबांनी विद्येकडे पाठ फिरवली नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले.

आणि मग परतफेड पाहा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते असताना, त्यांच्या आग्रहामुळे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ मध्ये सुरू झाली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ती योजना आजही चालू आहे. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी त्या योजनेवर शिकलेली व्यक्ती असेल. सयाजीरावांनी एकाला दिले आणि त्या एकाने पुढच्या पिढ्यांसाठी दार उघडून ठेवले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. शिष्यवृत्ती परत करायची असते. पण ज्याने दिली त्याला नाही, तर आपल्या मागून येणाऱ्याला. आपल्या परंपरेत ऋषिऋण अशी एक कल्पना आहे. ऋषींचे ऋण ऋषींना परत करता येत नाही. ते अध्ययनाने आणि अध्यापनानेच फिटते.

देणाऱ्याची अट, घेणाऱ्याचा मान

प्रत्येक शिष्यवृत्तीला काही ना काही अट असते आणि त्या अटीत देणाऱ्याची दृष्टी दिसते. पंडित श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये लंडनला इंडिया हाऊस सुरू केले आणि भारतीय तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांची अट अशी होती, की घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये. सरदारसिंह राणांनी त्यांच्या मार्फत देऊ केलेली शिवाजी शिष्यवृत्ती लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकरांना मिळाली आणि १९०६ मध्ये ते लंडनला रवाना झाले. पुढचा इतिहास तुम्ही जाणता.

त्याच्या आधी, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, त्याची अट निराळी होती. मदत कर्जाऊ मिळे. शिकून कमावते झाल्यावर ती फेडायची, म्हणजे त्या पैशातून दुसरा विद्यार्थी जाईल. या निधीच्या अगदी पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. त्या काळात एका मराठी मुलीला वैद्यक शिकण्यासाठी विलायतेला पाठवण्याचा विश्वास एका उद्योगपतीने दाखवला, ही गोष्ट आजही स्फूर्तिदायक वाटते.

आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर घेणाऱ्याचा मानच सर्वांत वर ठेवला. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतात काम करून शिकत. मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले. पण वसतिगृहातला एकही मुलगा स्वतःला याचक समजला नाही, कारण त्याच्या हाताला माती लागलेली होती. 'कमवा आणि शिका' योजनेमागचे हे मर्म आहे.

आमची एक चूक

दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे असते. म्हणून आता आमच्याविषयी सांगतो. आमच्या निधीचा एक नियम होता. एका जरी विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, तर पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती आपोआप बंद होई. एके वर्षी भौतिकशास्त्राची ओढ असलेला एक मुलगा इंग्रजीत नापास झाला. त्याच्या शिक्षकांनी आम्हांला पत्र लिहिले होते. ते पत्र मी वाचले आणि 'नियमानुसार अपात्र' असा शेरा मारून खाली सही केली. दीड-दोन वर्षांनी तो मुलगा मला एका ट्रॅव्हल्सच्या कचेरीत तिकिटे फाडताना भेटला. "शिक्षण?" असे मी विचारले. तो म्हणाला, "ते तेव्हाच सुटले सर." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

वास्तविक रामानुजनची गोष्ट मी त्याआधी कितीतरी वर्षे वर्गात सांगत होतो. माझ्यासमोर अर्ज आला तेव्हा ती मला आठवली नाही. तो मुलगा रामानुजन होता, असा माझा दावा नाही. पण त्याला आणखी सहा महिने देऊन पाहण्याइतका तो नक्कीच लायक होता.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. शिष्यवृत्ती थांबवण्यापूर्वी समितीच्या सदस्याने त्या विद्यार्थ्याच्या घरी जायचे, अडचण समजून घ्यायची, ज्या विषयात तो मागे पडला त्यासाठी शिकवणारा माणूस शोधून द्यायचा. येथे अनेक सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते बसले आहेत. त्यांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, शिष्यवृत्ती वेळेवर द्या. जूनची फी मार्चमध्ये मिळून उपयोग नसतो. तोपर्यंत बापाने सावकाराचे दार गाठलेले असते. दुसरी, देताना घेणाऱ्याची मान खाली जाईल असे काही करू नका. व्यासपीठावर बोलावून घरच्या गरिबीचे वर्णन वाचून दाखवू नका. तिसरी, पैसे देऊन विसरून जाऊ नका. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला धनादेशाइतकीच एका जाणत्या माणसाची गरज असते.

विद्यार्थ्यांना चार शब्द

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही काही चुका मी पाहिल्या आहेत. सर्वांत मोठी चूक म्हणजे माहिती नसणे. बी.एस्सी. म्हणजे काहीच न मिळालेल्यांचा मार्ग, असे समजणारे विद्यार्थी मला भेटतात, तेव्हा मी त्यांना विचारतो, की मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २००८ साली सुरू केलेल्या इन्स्पायर योजनेचे नाव ऐकले आहे का? संगीत, नृत्य, नाट्य शिकणाऱ्या १८ ते २५ वर्षे वयाच्या तरुण कलावंतांसाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, हे ठाऊक आहे का? महाराष्ट्रात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे, हे किती वडिलांना माहीत आहे?

दुसरी चूक आळसाची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढी कागदपत्रे बारावीचा निकाल लागण्यापूर्वी तयार ठेवा. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरून मोकळे होऊ नका. तो महाविद्यालयाकडून पुढे गेला की नाही, त्रुटी निघाली की नाही, हे पाहत राहा. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हे विसरू नका. गुणवत्ता असून केवळ एका कागदापायी शिष्यवृत्ती हुकलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

आणि तिसरी गोष्ट आवडीविषयी. आवड म्हणजे जे करताना मजा वाटते ते, इतका सोपा अर्थ घेऊ नका. ज्याचा कंटाळा आला तरी जे सोडवत नाही, ते तुमचे खरे ध्येय. शिष्यवृत्तीने मिळालेला वेळ त्यासाठी आहे. तो मोबाइलच्या पडद्यावर सांडून गेला, तर कुणी तुम्हांला जाब विचारणार नाही. पण तो तुमच्यासाठी कुणीतरी आपल्या मिळकतीतून काढून दिला आहे. आमच्या निधीत एक निवृत्त टपाल कर्मचारी दर दिवाळीला पेन्शनमधून ठरावीक रक्कम देतात. त्यांची पावती मी स्वतः लिहितो. त्या वेळी मला नेहमी वाटते, की ही पावती एकदा तुम्हांला दाखवावी.

शेवटी त्या मुलीविषयी. तिला आम्ही शिष्यवृत्ती दिली. तिने बी.एस्सी. केले, एम.एस्सी. केले आणि आज ती एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. नाव सांगितलेले तिला आवडणार नाही. काही वर्षांपूर्वी मी त्या गावी गेलो असताना तिच्या महाविद्यालयात डोकावलो. संध्याकाळ झाली होती, इमारत रिकामी होती, पण संगणकाच्या खोलीत दिवा चालू होता. दहा-बारा मुले आणि त्यांचे दोन-तीन पालक बाकांवर बसले होते आणि ती एकेकाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देत होती. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ती असे आठवडाभर थांबते, असे शिपायाने मला सांगितले.

मला पाहून ती उठली, नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, पाच मिनिटे बसा. याच्या वडिलांचा दाखला तेवढा जोडते."

मी मागच्या बाकावर बसून राहिलो. वीस वर्षांपूर्वी मला नीट देता न आलेले उत्तर ती समोर बसून लिहीत होती.